निवृत्तीनंतर पुन्हा वॉलआय: लेक ईरीवर परत जाणाऱ्यांसाठी

भरतीओहोटी

मंडळी, मी ओहायोत टोलीडोजवळ राहतो. नोकरी संपली, मुलं आपापल्या गावी गेली आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर मी लेक ईरीवर वॉलआय मासा धरायला पुन्हा जाऊ लागलो. ऐंशीच्या दशकात इकडे शिकायला आलेले, एखाद्या सहकाऱ्याच्या बोटीवर रॉड धरायला शिकलेले आणि पुढे नोकरी-संसारात ते सगळं मागे पडलेले आपल्यापैकी बरेच जण असतील. त्यांच्यातले काही आता 'पुन्हा सुरू करावं का' असा विचार करत असतील, म्हणून हा धागा.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. तलाव तोच असला तरी पाणी ते राहिलेलं नाही, त्यामुळे मासा कुठे नि कधी शोधायचा हे नव्याने शिकावं लागतं. पण त्यासाठी मोठी बोट घ्यायची काहीही गरज नाही. निवृत्तीचे पैसे बोटीत घालून बसलेले आणि दुसऱ्याच वर्षी ती विकायला काढलेले लोक मी इथल्या धक्क्यांवर पाहतो, आणि वाईट वाटतं.

ज्यांनी हा मासा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉलआय हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. अंग सोनेरी-हिरवट, पोट पांढरं, पाठीवरचा पुढचा पर काटेरी, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग, तोंडात सुळे. डोळा मोठा आणि दुधी. बुबुळामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं. त्याची सगळी शिकार या एका फायद्यावर चालते. पहाट, तिन्हीसांजा, ढगाळ दिवस, जरा गढूळ पाणी आणि वाऱ्याने खळबळलेला पृष्ठभाग, या त्याच्या वेळा. पाणी नितळ आणि डोक्यावर ऊन असलं की तो खोल जातो किंवा तोंडच उघडत नाही.

ईरी हे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पंचमहासरोवरांत (ग्रेट लेक्स) सगळ्यात उथळ. टोलीडोपासून सँडस्कीपर्यंतचा पश्चिम भाग सरासरी २४ फूटच खोल. क्लीव्हलँडसमोरचा मधला भाग सरासरी ६० फूट, आणि पूर्वेकडे तळ २१० फुटांपर्यंत जातो. मार्च-एप्रिलमध्ये वॉलआय पश्चिम भागातल्या खडकाळ उथळ्यांवर अंडी घालतात, किंवा त्यासाठी मॉमी आणि सँडस्की नद्यांत चढतात. पाणी तापू लागलं की मोठे मासे, त्यातही माद्या, पूर्वेच्या थंड पाण्याकडे सरकतात. काही तर डेट्रॉईट नदीतून वर ह्यूरॉन सरोवरापर्यंत जातात.

आता काय बदललं ते. १९६०च्या दशकात या तलावाला लोक 'मेलेला' म्हणत. क्लीव्हलँडची कायाहोगा नदी १९६९ मध्ये पेटली ती याच पाण्याला मिळते. १९७० मध्ये माशांत पारा सापडला आणि वॉलआयची मासेमारी बंद झाली. ओहायोच्या बाजूला व्यापारी जाळ्यांना तो मासा पुन्हा कधीच खुला केला नाही. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाचा पाण्याच्या गुणवत्तेचा करार झाला, सांडपाण्यातला शैवाल माजवणारा फॉस्फरस घटला, जाळी उठली, आणि मासा परत आला. १९८२ साली जन्मलेली वॉलआयची पिढी फार मोठी होती. आम्ही विद्यार्थी असताना जे मासे धरले त्यांत बहुतेक तीच पिढी असणार. तेव्हा आम्हाला वाटायचं की ईरी कायमच असं देत राहील.

१९८८ मध्ये शेजारच्या सेंट क्लेअर तलावात झेब्रा शिंपले सापडले. परदेशी जहाजांनी तोल राखायला भरलेल्या (बॅलास्टच्या) पाण्यातून आलेले हे नखाएवढे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शैवाल खातात. काही वर्षांत ते ईरीभर पसरले, पाणी नितळ झालं आणि ऊन पार तळापर्यंत पोचू लागलं. ऐकायला छान वाटतं, पण उजेड टाळणाऱ्या माशाचा सगळा दिनक्रमच त्याने बदलला. पूर्वी भर दुपारी उथळ्यावर मासे लागायचे. आता तीच जागा सकाळी ऊन वर आलं की रिकामी होते. मासे कडेच्या खोल पाण्यात उतरतात किंवा तळ सोडून मधल्या थरात तरंगत राहतात. जुन्या आठवणीच्या भरवशावर गेलं तर दिवसभर रिकाम्या पाण्यात आमिष भिजवत बसावं लागतं.

आमची त्या वेळची पद्धत मात्र अजून चालते, आणि ती वयाला झेपते. बोट वाऱ्यावर वाहती सोडायची. 'ईरी डिअरी' म्हणून इथलंच आमिष आहे: पुढे शिशाचं डोकं, त्यामागे फिरतं पातं, गळाला अर्धं गांडूळ. बोट ज्या दिशेला वाहते आहे तिकडे ते फेकायचं आणि मनात आकडे मोजायचे. दहावर मासा लागला तर पुढची प्रत्येक फेक दहापर्यंत बुडू द्यायची, मग सावकाश ओढायची. मासा कोणत्या थरात आहे हे यंत्राशिवाय कळतं ते असं. फरक एवढाच की आता मी हे सूर्य उगवताना करतो, किंवा वारा असलेल्या ढगाळ दिवशी.

पुन्हा सुरुवात करणाऱ्याने मे आणि जून हे दोनच महिने धरावेत, पश्चिम भागातच राहावं, आणि पहिलं वर्ष पोर्ट क्लिंटनहून माणशी तिकीट घेऊन जाणाऱ्या मोठ्या बोटींवर किंवा चार-सहा जणांत बोट भाड्याने (चार्टर) घेऊन जावं, असं माझं ठाम मत आहे. (हे तेच गाव, जिथे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री २० फुटी फायबरग्लासचा वॉलआय वरून खाली उतरवून नवं वर्ष सुरू करतात.) ओहायोच्या हद्दीत माणशी रोज ६ मासे, किमान लांबी १५ इंच. ६६ वर्षांवरच्या रहिवाशांना परवाना सवलतीत मिळतो.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः गुडघे आणि खांदे पूर्वीसारखे नसताना तुम्ही काय बदललंत ते लिहा.

मृण्मयी_मिनेसोटा

काका, फार छान धागा. आमच्याकडे मिनेसोटात वॉलआय हा १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा आहे आणि मे महिन्यातला मोसम उघडण्याचा शनिवार-रविवार म्हणजे अख्ख्या राज्याचा सण. माझे सासरे पुण्याहून इथे कायमचे आले ते निवृत्तीनंतरच, आणि त्यांना हा नाद लागला मिल लॅक्स तलावावर.

मिल लॅक्स १ लाख ३२ हजार एकरांचा, पण ईरीसारखाच उथळ. तिथेही पाणी नितळ झालंय, आणि छोट्या वॉलआयची वाढ होऊन ते मोठे होण्याचं प्रमाण घसरलं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तर हंगाम मध्येच बंद केला. पुढच्या वर्षी धरलेला प्रत्येक वॉलआय परत सोडायचा असा नियम होता. तलावाकाठची रिसॉर्ट आणि आमिषाची दुकानं चालवणाऱ्यांचे फार हाल झाले. त्याच तलावावर १८३७ च्या कराराप्रमाणे तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा मासेमारीचा हक्क आहे आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. तरीही मासे कमी झाले की धक्क्यावर त्यांच्याविरुद्ध जे बोललं जातं ते ऐकवत नाही. नितळ पाणी आणि परके शिंपले त्यांनी आणलेले नाहीत.

सासऱ्यांच्या पद्धतीबद्दल: ते फेकत नाहीत आणि बोट चालतीही ठेवत नाहीत. खडकाळ उथळ्याच्या कडेला नांगर टाकतात, सरकता तरंगा लावतात आणि गळाला जळू. हो, जिवंत जळू, इथे दुकानात डब्यातून मिळते. तरंगा पाण्यात बुडाला की दोरी ताणून घ्यायची आणि रीळ फिरवायचं. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना हे एवढंच जमतं, आणि ते पुरतं. ईरीवर नांगर टाकून का बसत नाहीत लोक?

क्लीव्हलँडकर

भरतीओहोटी, तुमच्या इतिहासाशी पूर्ण सहमत, पण पद्धतीशी नाही. मी गेली अनेक वर्षं मधल्या भागात ट्रोलिंग (चालत्या बोटीमागून आमिष ओढत नेणं) करतो आणि उलट म्हणेन की वय झालेल्या माणसाला ट्रोलिंगच सोयीचं.

दिवसभर फेकत राहणं हे मनगट आणि खांद्याचं काम. ट्रोलिंगमध्ये रॉड होल्डरमध्ये असतात, तुम्ही खुर्चीवर बसलेले असता. रिळावर दोरी किती फूट सोडली त्याचा आकडा दिसतो. प्लेनर बोर्ड नावाच्या तरंगत्या फळ्या दोऱ्या बोटीपासून बाजूला नेतात, त्यामुळे बोटीच्या आवाजाने बिथरलेला मासाही आमिषापर्यंत येतो. गांडुळाचा हार्नेस (गळ आणि पातं लावलेली दोरी) असेल तर ताशी एक ते दीड मैल, क्रँकबेट (माशाच्या आकाराचं बनावट आमिष) असेल तर दोनच्या आसपास. मासा लागला की बोर्ड मागे ओढला जातो, ते बसल्या जागेवरून दिसतं.

दुसरं म्हणजे मासे. जुलैपासून मोठे मासे तुमच्याकडे नसतातच, ते आमच्याकडे लोरेन, क्लीव्हलँड, फेअरपोर्ट, जिनीव्हासमोर ४०-७० फूट पाण्यात येतात. उन्हाळ्यात मधल्या भागात पाण्याचे थर पडतात. खालच्या थंड थरातला प्राणवायू मोसमाच्या शेवटी संपत येतो, म्हणून मासे त्या सीमेच्या जरा वर राहतात. तिथे आकडे मोजून फेकण्याने काम भागत नाही, आमिष नेमक्या खोलीवर धरून न्यावं लागतं. ओहायोचा विक्रमी वॉलआय १९९९ मध्ये याच तलावातून निघाला: १६.१९ पौंड, लांबी ३३ इंच.

आणि नोव्हेंबर विसरू नका. पाणी थंड झालं की मासे शॅड या छोट्या माशांच्या झुंडींमागे किनाऱ्याला लागतात, तेव्हा रात्री ह्यूरॉन (ओहायोतलं गाव, सरोवर नव्हे) किंवा लोरेनच्या धक्क्यावर उभं राहून लांब क्रँकबेट फेकलं तरी मिळतात. बोटच नको. पण थंडी सोसवली पाहिजे.

भरतीओहोटी

मृण्मयी, नांगराबद्दल: पश्चिम भागात मासा एका खडकाला धरून फार वेळ राहत नाही. एमराल्ड शायनर आणि शॅड या छोट्या माशांचे थवे फिरतात, त्यांच्यामागे तोही फिरतो. वाहती बोट एका फेरीत मैलभर पाणी चाळते. नांगर टाकून बसणारे आहेत, पण एप्रिलमध्ये, अंडी घालण्याच्या उथळ्यांवर, केसाळ जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) घेऊन. तुमच्या सासऱ्यांना ते नक्की जमेल. ओजिब्वे हक्कांबद्दल लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्या बाजूला कॅनडाच्या जाळ्यांबद्दल असंच बोलतात. पण ईरीतून वर्षाला किती वॉलआय काढायचे ते ग्रेट लेक्स फिशरी कमिशनच्या ईरी समितीत ठरतं, आणि तो वाटा ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारिओ यांच्यात विभागला जातो. ऑन्टारिओ आपला वाटा मुख्यतः जाळ्यांनी काढतं, आम्ही रॉडने काढतो.

क्लीव्हलँडकर, जुलै-ऑगस्टबद्दल तुमचंच बरोबर. पण त्यासाठी वीस-बावीस फुटी बोट, दोन इंजिनं, सहा-आठ रिळं, बोर्ड, आमिष खोल नेणारे डायव्हर आणि सोबत एक तरबेज माणूस लागतो. एकट्या निवृत्त माणसाला हा डोलारा झेपत नाही. ज्याच्याकडे तो आधीच आहे, त्याने जरूर करावं. आणि खरं सांगू का, होल्डरमधला रॉड आपोआप वाकलेला पाहणं आणि ओढता ओढता मासा आमिषाला थटल्याचं स्वतःच्या बोटांना कळणं, यातलं दुसरं मला हवं असतं. त्याचसाठी मी परत गेलो.

सिंहगडरोड

नमस्कार, वाचनमात्र होतो, आता लिहितोय. वय ६४. मुलगा डेट्रॉईटला आहे, एप्रिल-मे तिकडे असणार आहोत. लहानपणी मुळा-मुठेत आणि नंतर पानशेतच्या पाण्यावर गळ टाकलेला आहे, पण मोठ्या बोटीवर कधी नाही. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला परवाना मिळतो का? आणि पोहता येत नसेल तर जावं का?

नदीकाठ_मिशिगन

सिंहगडरोड, परवाना मिळतो. रहिवासी नसलेल्यांसाठी थोड्या दिवसांचेही परवाने असतात, ऑनलाइन निघतो. फक्त ज्या राज्याच्या पाण्यात मासे धरणार त्या राज्याचा हवा. डेट्रॉईट नदीच्या मधोमध कॅनडाची हद्द आहे आणि पलीकडे गळ टाकायचा असेल तर ऑन्टारिओचा परवाना लागतो, हे चार्टरच्या कॅप्टनला आधी विचारून घ्या.

एप्रिलमध्ये येताय तर तुमच्या मुलाच्या दारातच मासे आहेत. अंडी घालायला वॉलआय ईरीतून डेट्रॉईट नदीत चढतात आणि तेव्हा तिथे उभी जिगिंग चालते. प्रवाह जोराचा, म्हणून जिग जड, साधारण पाऊण औंसाचा. बोट प्रवाहाच्या वेगाने सोडतात, दोरी सरळ खाली, जिग तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, परत टेकवायचा. काही फेकायचं नाही, काही ओढायचं नाही. नवख्याला शिकायला इतकी सोपी पद्धत दुसरी नाही. नदीपात्र असल्याने मोकळ्या तलावाइतक्या लाटाही नसतात.

मॉमी नदीवर गेलात तर पात्रात कंबरभर पाण्यात उभे राहून धरणारी रांग दिसेल. बघायला जरूर जा, पण पहिल्या वेळी उतरू नका. दगड निसरडे आणि पाणी बर्फासारखं असतं. तिथे वसंतात एकाच गळाचा नियम आहे, आणि गळ तोंडाऐवजी अंगात अडकलेला मासा सोडूनच द्यावा लागतो.

पोहण्याबद्दल डॉक्टर मंडळींनी लिहावं.

स्टेथोस्कोप

लिहिते. मी ईरीकाठच्याच एका गावात अनेक वर्षं इमर्जन्सी विभागात काम केलं, आणि नवऱ्याला हाच नाद आहे, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

सिंहगडरोड, पोहता न येणं हा जाण्यातला अडथळा नाही. एप्रिलच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही फार काळ टिकत नाही. तापमान ४०-५० फॅरनहाइट असतं. पाण्यात पडताक्षणी दम लागतो, श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तेव्हा डोकं पाण्याखाली असेल तर संपलं. पुढच्या काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. शरीर गार पडणं ही त्यानंतरची गोष्ट. म्हणून लाइफ जॅकेट बोटीत ठेवून उपयोग नाही, अंगावर हवं, धक्क्यावरून बोटीत पाय टाकण्याआधीपासून. आपोआप फुगणारी सडपातळ जॅकेट मिळतात, ती हालचालीला आड येत नाहीत. त्यातलं गॅसचं नळकांडं दर मोसमाला तपासा. स्वतः बोट चालवत असाल तर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा. २६ फुटांखालच्या बोटींना २०२१ पासून तो कायदाच आहे.

ईरी उथळ असल्यामुळेच धोकादायक आहे. उथळ पाण्यात लाटा आखूड, उभ्या आणि फार पटकन उठतात. नैऋत्येचा वारा जोरात आला तर टोलीडोकडचं पाणी अक्षरशः पूर्व टोकाच्या बफेलोकडे ढकललं जातं आणि इकडचा धक्का कोरडा पडतो. सकाळी हवामान खात्याचा किनाऱ्याजवळचा लाटांचा अंदाज वाचल्याशिवाय निघू नका. छोटी बोट असेल तर दोन फुटांच्या वर अंदाज असताना घरी राहा, आणि व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचा (संकटात मदत मागण्याचा) चॅनेल लावून ठेवा.

बर्फावरच्या मासेमारीबद्दल इथे कोणी लिहिलेलं नाही. पण २००९ च्या फेब्रुवारीत पश्चिम भागात बर्फाचा तुकडा तुटून शंभराहून जास्त माणसं तलावात वाहत निघाली होती. हेलिकॉप्टरने सोडवली, एकाचा जीव गेला. निवृत्त आहात, घाई नाही, मे महिन्यापर्यंत थांबा.

वयाशी संबंधित दोन गोष्टी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जाड हातमोजे वापरा. वॉलआयच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि पाठीचे काटे आरपार जातात. रक्तदाबासाठी पाणी उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर दिवसभर उन्हात राहण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच बंद करू नका. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. पण त्यातल्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. आधी घरी एकदा घेऊन बघा.

कोकमसार

सगळ्यांनी मासा धरण्याबद्दल लिहिलं, मी खाण्याबद्दल लिहिते. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, आता टोरोंटोजवळ. इथे याच माशाला पिकरेल म्हणतात आणि बाजारात ईरीचा पिकरेल विकत मिळतो, त्यामुळे गळ न टाकताही खाता येतो.

मांस पांढरं, घट्ट, वास जवळजवळ नाही. पाइक माशासारखे दुफाट काटे नसतात. फिलेच्या मधोमध बारीक काट्यांची एक ओळ असते, ती धरून व्हीच्या आकारात पट्टी काढून टाकली की लहान मुलालाही निर्धास्त देता येतो. गालाचं मांस टाकू नका, मोठ्या माशाच्या गालाचे दोन गोल तुकडे सगळ्यात गोड.

माझं मत असं की याला सुरमईचा मसाला लावू नये. मासा नाजूक चवीचा आहे, भरपूर लाल तिखट आणि गरम मसाल्यात तो हरवतो. मीठ, हळद, आल्या-लसणाचं अगदी थोडं वाटण आणि आगळ लावून वीस मिनिटं ठेवा, मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळवा, लोखंडी तव्यावर तेलात कडक भाजा. कालवण करायचं तर नारळ-धणे-मिरचीचं वाटण आधी पूर्ण शिजवून घ्या आणि तुकडे शेवटच्या पाच मिनिटांत सोडा, डाव घालू नका, पातेलं नुसतं हलवा. डोकं आणि मधला काटा उकळून त्या पाण्यात कालवण केलं तर चवीत फार फरक पडतो. तिरफळं मी घालून पाहिली, या माशाला ती जड होतात.

धरणाऱ्यांना एक विनंती. मासा बोटीत आला की कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात ठेवा. दिवसभर दोरीला लटकवून कोमट पाण्यात फिरवलेला मासा तव्यावर पडला की कळतो.

सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेथोस्कोप ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, आता तिचीही परवानगी आहे. एक शंका राहिली. २०१४ मध्ये टोलीडोचं पिण्याचं पाणी विषारी शैवालामुळे बंद केलं होतं असं वाचलं. मग तिथला मासा खावा का?

भरतीओहोटी

ते दिवस आम्ही इथेच काढले. ऑगस्टची सुरुवात होती. जवळजवळ चार लाख लोकांना सांगितलं होतं की नळाचं पाणी पिऊ नका, उकळून तर मुळीच नाही, कारण उकळल्याने ते विष मरत नाही, उलट दाट होतं. दुकानांतल्या बाटल्या सकाळीच संपल्या. नॅशनल गार्डने पाणी आणून वाटलं.

कारण मॉमी नदी. पंचमहासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांत सर्वात मोठं पाणलोट क्षेत्र तिचं, आणि ते बहुतांश शेतीचं, मुख्यतः मका-सोयाबीनचं. एकेकाळी तिथे ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची प्रचंड दलदल होती, पाणी गाळून तलावात सोडणारी. एकोणिसाव्या शतकात ती चर खणून कोरडी केली. आता वसंतातल्या पावसाबरोबर खतातला आणि शेणखतातला फॉस्फरस थेट पश्चिम भागात येतो, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शैवाल फुलतं. झेब्रा शिंपले हे विषारी शैवाल थुंकून टाकतात आणि बाकीचं खातात, त्यामुळे त्यालाच रान मोकळं मिळतं. सत्तरच्या दशकात शहरांच्या सांडपाण्यावर जो निश्चय दाखवला तो शेतीच्या पाण्यावर कोणी दाखवत नाही याचा मला मनापासून राग आहे. या तलावाने एकदा मरणाच्या दारातून परत येऊन दाखवलं आहे, दुसऱ्यांदा त्याची परीक्षा पाहू नये.

माशाबद्दल: हे विष मुख्यतः यकृतात आणि आतड्यांत साठतं. फिले काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, आतलं सगळं टाकून दिलं तर धोका कमी. हिरवा तवंग दिसतो तिथे गळ टाकूच नये. कोकमसार ताईंचं डोक्याचं कालवण मी वसंतातल्या माशाचं खाईन, ऑगस्टमधल्या नाही. पाऱ्यासाठी राज्याचा वेगळा सल्ला आहे, बहुतेक माशांना आठवड्यातून एकदा एवढा. मोठा म्हातारा मासा सोडावा, सतरा-वीस इंची ठेवावा. चवही त्यालाच असते, आणि मोठी मादी लाखोंनी अंडी घालते.

क्लीव्हलँडकर

मोठे मासे सोडण्याबद्दल +१. इथल्या स्पर्धांमुळे मोठ्या माशाला नको इतकी किंमत आली आहे. २०२२ मध्ये क्लीव्हलँडला एका स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरून वजन वाढवलेलं पकडलं, पुढे दोघांना तुरुंगवास झाला आणि बोट जप्त झाली. ज्यांनी ते मासे सगळ्यांसमोर कापून दाखवले त्या आयोजकाचं मला कौतुक वाटतं.

भरतीओहोटी, ऑगस्टमध्ये माझ्या बोटीवर या. तरबेज माणूस मी आहे, तुम्ही फक्त या. दोन रॉड होल्डरमध्ये न ठेवता हातात धरायला देईन.

भरतीओहोटी

नक्की येतो, आणि मे मध्ये तुम्ही इकडे या.

सिंहगडरोड, एप्रिलमध्ये मुलाबरोबर नदीवर जिगिंग करून घ्या, म्हणजे हाताला मासा लागल्याचं कळायला लागेल. मग मे च्या मध्याला पोर्ट क्लिंटनला भेटू. कॅटॉबाच्या बाजूने निघालो की पश्चिमेला डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचा शीतक मनोरा दिसतो, त्याच्या समोरच्या पाण्यात उथळे आहेत. कॅम्प पेरीच्या लष्करी चांदमारीचं क्षेत्रही तिथेच आहे, गोळीबार चालू असेल त्या दिवशी तिकडे बोट नेता येत नाही, म्हणून तारीख मी आधी पाहून कळवतो. रॉड, रीळ, आमिष माझ्याकडे आहे, पुण्याहून काही आणू नका. रबरी तळाचे बूट, पावसाचं जॅकेट आणि ध्रुवीकरण करणारा चष्मा एवढं मुलाला घेऊन ठेवायला सांगा. निघायचं पहाटे पाचला, म्हणजे आदल्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला या.

सिंहगडरोड

येतो. बायको विचारते आहे की कोकमसार ताईंचं आगळ तिकडे मिळतं की इथून घेऊन येऊ?

कोकमसार

मिळतं, पण घेऊन या. सामानात, दुहेरी पिशवीत, झाकणाला टेप लावून.